आजचं चिंतन: गीता 4.22 – छंद, रेटिंग आणि समाधान



आजचा श्लोक चौथ्या अध्यायातला बाविसावा. भगवंत इथे एका माणसाचं वर्णन करतात. जे सहज वाट्याला येईल त्यात तो समाधानी आहे, द्वंद्वांच्या पलीकडे गेलाय, त्याच्या मनात मत्सर नाही, आणि काम साधलं काय किंवा न साधलं काय, तो सारखाच राहतो. असा माणूस कर्म करतो, पण त्यात अडकत नाही.

समाधान आणि मत्सर नसणं या दोन गोष्टी एकाच श्लोकात आल्यात. का, ते आपल्या रोजच्या उदाहरणातून बघू.

आपल्यापैकी कितीतरी जण रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर बुद्धिबळ खेळतात. तिथलं रेटिंग ज्या पद्धतीतून आलं ती अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची. फिडेने ती 1970 मध्ये स्वीकारली. तिचं गणित फक्त दोन खेळाडूंमधल्या फरकावर चालतं. फरक 400 असेल, तर वरच्याकडून 10 डावांत साधारण 9 गुणांची अपेक्षा. आता उद्या जगातल्या प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये 500 मिळवले तर काय बदलेल? काहीच नाही! म्हणजे तो आकडा तुम्हाला खेळात किती आनंद मिळाला हे सांगतच नाही. तो फक्त तुम्ही इतरांच्या मानाने कुठे आहात ते सांगतो.

मोजायला तो उत्तमच आहे. पण समाधान त्याला बांधलं, की आपलं सुख कायमचं दुसऱ्यांच्या हातात गेलं. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये वयाच्या 19व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकला. ही बातमी वाचून एकाला वाटतं, "वा, काय खेळली!" आणि दुसऱ्याला वाटतं, "मी 32 वर्षांचा, अजून 900 वरच." बातमी तीच, पण दुसऱ्याचा छंद तिथेच कोमेजतो. मग एक दिवस ॲप डिलीट होतं. ऑफिसात अप्रेझल आहेच, घरी येऊन आणखी एक कशाला?

मग जिंकायचा प्रयत्नच सोडायचा का? नाही. श्लोकातला माणूस कर्म करतोच आहे. डाव जीव लावून खेळा, हरलात तर चूक शोधा. फक्त निकालावरून स्वतःची किंमत ठरवू नका.

अरणचे सावता महाराज आठवा. परंपरा सांगते की ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला. आजही त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही, पांडुरंगाची पालखी अरणला येते. कोण किती वाऱ्या करतो याचा हिशोब त्यांनी ठेवला नाही. आपला वाफा, आपलं पाणी, आपलं नाम. देव तिथे आला.

आजचा छोटा नेम: तुमचा जो छंद असेल, चित्रकला, पेटी, धावणं, काहीही, त्याला आज 20 मिनिटं द्या. आकडा बघायचा नाही, फोटो टाकायचा नाही. झाल्यावर मनात एकदा "कृष्णार्पणमस्तु" म्हणा आणि उठा. जे अर्पण केलं, त्याची तुलना कोणाशी करणार?

राम कृष्ण हरी!