एकाचे सात : गीता, अध्याय १८, श्लोक २० ते २२

आज तीन श्लोक एकत्र घेतले आहेत, कारण सुटे वाचले की त्यांचा अर्थ निसटतो. भगवंत इथे ज्ञानाचे तीन प्रकार सांगतात. वेगवेगळ्या भूतांमध्ये एकच अविभक्त तत्त्व दिसतं ते सात्त्विक. प्रत्येक वस्तू सुटी, निराळीच दिसते ते राजस. आणि एखाद्याच गोष्टीला 'हेच सगळं' समजून चिकटून बसतं ते तामस.

दहावीतल्या पुतणीने यावर सरळच विचारलं, "काका, मग आमचं विज्ञान राजसच झालं ना? परवा प्रकाशाचं अपस्करण शिकवलं. तानापिहिनिपाजा पाठ केलं. एकाचे सात केले की!"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भेद पाहणं म्हणजे अज्ञान, असं प्रवचनांतूनही पुष्कळदा कानावर येतं.

न्यूटनच्या आधी अनेक विद्वानांची अशी समजूत होती, की प्रकाश मूळचा शुद्ध पांढरा आणि रंग म्हणजे काचेने त्याला लावलेला डाग. न्यूटनने १६७२ साली छापलेल्या लेखात ही समजूत मोडून काढली. लोलकातून निघालेला एकच रंग त्याने दुसऱ्या लोलकातून नेला. तो वळला, पण रंग बदलला नाही. काच रंग लावत असती तर दुसऱ्या काचेनेही लावलाच असता! मग पसरलेले सगळे रंग भिंगाने एकत्र आणले, तर पुन्हा पांढरा उजेड. म्हणजे रंग बाहेरून आलेला नव्हता. काच तीच, वाट तीच, फक्त प्रत्येक रंगाचं वळण वेगळं. जांभळा जास्त वळतो, तांबडा कमी.

मला इथे विसावा श्लोक उलगडतो. भगवंत 'विभक्तांमध्ये अविभक्त' पाहायला सांगतात. विभक्त पुसून टाका, असं म्हणत नाहीत. आधी सात रंग नीट दिसायला हवेत, तरच त्यांच्यातलं एक दिसणार.

आपल्या आगरदांड्यात कोळी आहेत, आगरी आहेत, मुसलमान आहेत, बाहेरून कामाला आलेलेही आहेत. दिघीच्या फेरीबोटीत सगळे शेजारी उभे राहतात, आणि "आपण सगळे एकच" हे वाक्य सर्वांच्या तोंडी असतं. वाक्य खरं आहे. पण ते कोण, कुणाला आणि केव्हा म्हणतो ते बघा. ज्याच्या वस्तीत पाणी येत नाही तो बोलायला उठला, की ज्याच्या नळाला पाणी आहे तो म्हणतो, "अरे, आपण सगळे एकच." असलं एकत्व सात्त्विक कसं म्हणायचं? ते त्याचं गाऱ्हाणंच नाकारतं.

समुद्राच्या निळ्याबद्दलही एक घाईचं उत्तर होतं. लॉर्ड रॅले यांनी आकाशाच्या निळाईचं कारण शोधलं, पण समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचंच प्रतिबिंब, असं ते म्हणत. १९२१ साली सी. व्ही. रामन युरोपहून 'नारकुंडा' बोटीने परतत होते. एक खास लोलक डोळ्याशी धरून त्यांनी पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब झाकलं. तरी निळा राहिला, उलट अधिक गडद झाला. मुंबई बंदरात आल्या आल्या त्यांनी ते लिहून पाठवलं. पाण्याला स्वतःचंही काही म्हणणं होतं! (आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात त्यांना हे दिसलं नसतं, हा भाग वेगळा.)

आता बाविसावा श्लोक. संध्याकाळी सूर्य टेकतो तेव्हा त्याचे किरण हवेतून फार लांबची वाट काढत येतात. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, तांबडा कमी. यालाच पुस्तकात विकिरण म्हटलंय. निळा वाटेतच समुद्रावर चारी दिशांना वाटला जातो आणि जेटीवर उभे असलेल्या आपल्यापर्यंत मुख्यतः लाली पोचते. ती खोटी नाही. पण ज्याने आयुष्यभर फक्त सूर्यास्तच पाहिला तो शपथेवर सांगेल, की उजेड तांबडा असतो. त्याला पटवून देणं मला राजस माणसाला पटवण्यापेक्षा कठीण वाटतं, कारण राजस माणूस निदान सात तरी मोजतो. आपल्याला आलेला एकच अनुभव किंवा घरात चालत आलेला एकच रिवाज हाच धर्म, असं आपण धरून बसतो, तेव्हा आपणही त्या जेटीवरच उभे असतो.

पुतणीला मी म्हटलं, सात मोजणं राजस नाही, सातावर थांबणं राजस. तिने लगेच विचारलं, "पण मग इंद्रधनुष्य एकच असतं का?" याचं उत्तर तिच्याच धड्यातून निघतं. शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या डोळ्यांत वेगवेगळ्या थेंबांतून रंग येतात, म्हणून दोघांचं धनुष्य काटेकोरपणे एकच नसतं. तरी दोघंही एकाच दिशेला बोट दाखवतात आणि थेंबाथेंबात सूर्य तोच असतो. श्रावणात पाठीवर मावळतीचं ऊन असताना पूर्वेकडे पाऊस दिसला, तर शेजारच्याला विचारून बघा, त्याला काय दिसतंय ते.

उद्या श्लोक २३, सात्त्विक कर्म.

राम कृष्ण हरी.