खो द्यायला शिकलेला मुलगा

एका गावच्या शाळेत आठवीत एक मुलगा होता. पळण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. खो-खोत पाठलागाला उठला की तो खो देतच नसे. आठ गडी चौकोनांत बसून राहायचे आणि हा एकटा घाम गाळायचा.

एकदा समोर एक किडकिडीत मुलगी धावायला आली. वेग बेताचाच. पण हा जवळ आला की ती बसलेल्या दोघांमधून पलीकडे सटकायची. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, मागेही फिरता येत नाही. खांबाला वळसा घालावा लागतो. तो वळसा घालून येईतो बाई पुन्हा अलीकडे! डाव संपला तरी ती नाबाद.

"सर, ती माझ्याहून हळू पळते," मुलगा धापा टाकत म्हणाला.

खेळाच्या सरांनी मोबाइलवर जानेवारी २०२५ मधल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना लावला. कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं दिल्लीत नेपाळला ७८-४० असं हरवलं, तो. "एकेक पोरगी किती पावलं पळते आणि खो देते, बघ. पलीकडे तोंड करून आपला गडी बसलेला असतो. तिला धरायला तुझे पाय नकोत, त्याचे हवेत. आपली धाव वेळेवर दुसऱ्याला द्यायची आणि बसलेल्यानं जागं राहायचं, एवढंच मी या तासाला शिकवतो. गणितात हे येत नाही."

दुसऱ्या दिवशी मुलानं पाठीमागून खो दिला, तो नेमका वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या पोराला. ते गवताच्या काड्या मोडत बसलेलं. दचकून उठलं, भलतीकडेच धावलं. सगळे हसले, पळणारा मुलगा मात्र हसला नाही. थोड्या वेळानं त्यानं त्यालाच परत खो दिला. या खेपेला पोरगं टाचा उचलून तयार होतं. चार पावलांत मुलगी बाद!

मग परीक्षा आली आणि खेळाचा तास गणिताला गेला. असं बऱ्याच शाळांत होतं. पोरं हेडसरांकडे गेली, पण आत शिरल्यावर सगळ्यांची दातखीळ बसली. पळणाऱ्यानं हळूच त्या अबोल पोराच्या पाठीवर थाप मारली.

"सर, आमचा तास परत द्या," पोरगं एका दमात म्हणालं, "मला अजून खांबावर सूर मारता येत नाही."

हेडसरांनी वेळापत्रक पुढं ओढलं आणि गणिताच्या सरांना बोलावणं धाडलं.