रिकामी कबर, खमीर आणि रब्बीची पहिली पेंढी

ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, ख्रिस्ती विश्वासात नाताळापेक्षाही पायाभूत मानला जातो, कारण ख्रिस्त उठला नसेल तर आपला संदेश आणि ऐकणाऱ्यांचा विश्वास दोन्ही व्यर्थ आहेत, असे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहून ठेवले आहे. हे मुलांना समजावे म्हणून पाश्चात्त्य ख्रिस्ती घरांत कणकेच्या गोळ्यात मार्शमॅलो ही मऊ मिठाई गुंडाळून पाव भाजण्याची प्रथा आहे. मिठाई विरघळून पाव आतून पोकळ निघतो आणि ती पोकळी म्हणजे रिकामी कबर असे सांगितले जाते. हे मुलांच्या लक्षात राहते, परंतु कथा तेथे अर्ध्यावरच थांबते. योहानाच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेपाशी मग्दालिया मरीया रडते, कारण कोणीतरी देह उचलून नेला असे तिला वाटते. तिचे दुःख ओसरते ते प्रभूने तिला नावाने हाक मारल्यावर.

फुगणाऱ्या कणकेचे रूपक तर अधिकच जपून वापरावे लागते. खमीर, म्हणजे पीठ आंबवणारा घटक, पिठातच वायू निर्माण करते आणि पीठ त्याच्या निसर्गधर्माने वर येते. पुनरुत्थान मात्र मृत देहात दडलेल्या एखाद्या शक्तीचा परिणाम नसून देवाची कृती आहे, आणि हा भेद पुसला गेला तर मूल ईस्टरला वसंतातल्या पालवीसारखी नित्याची घटना समजेल. शिवाय वल्हांडणात, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणात, खमीर घराबाहेर काढले जाते, कारण सुटकेच्या त्या रात्री पीठ फुगण्याची वाट पाहण्यास सवड नव्हती. या विधीचा अर्थ काय असे मुले विचारतील तेव्हा त्यांना सुटकेची हकीकत सांगावी, अशी आज्ञा बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. अर्थात मुलांचा प्रश्न तेथे विधीचाच भाग आहे.

हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे मोजकी आहेत आणि पाव भाजण्याची भट्टी घरोघरी नसते, तरी या शिक्षणाला त्यामुळे उणेपणा येत नाही. ज्वारीची भाकरी बिनखमिराचीच असते, म्हणून वल्हांडणाच्या वेळी झालेल्या येशूच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणाचा पवित्र गुरुवार तव्यावरच समजावता येतो. शुक्रवारी वधस्तंभाची हकीकत सांगून शनिवारी चूल शक्य तितकी शांत ठेवावी, कारण शिष्यांचा तो दिवस निव्वळ अंधाराचा होता आणि मुलांना तो गाळून पुढे नेणे अप्रामाणिक ठरेल. रविवारी कुकरच्या तळाशी मीठ पसरून गव्हाचा पाव भाजावा आणि तो मुलांच्याच हातांनी मोडून सर्वांना वाटावा; अम्माऊस गावाच्या वाटेवर सोबत चाललेला अनोळखी माणूस येशूच आहे हे दोन शिष्यांना त्याने भाकर मोडल्यावरच उमगले, असे लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो.

येशू उठला, मग आजी का उठत नाही, असे एखादे मूल या वेळी विचारील, आणि त्या प्रश्नाला बगल देणे सर्वांत घातक होय. पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, म्हणजे हंगामाच्या आरंभी देवाला अर्पण होणारी पहिली पेंढी. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपुढील रविवारी, रब्बीची ज्वारी आणि गहू घरी येण्याच्या सुमारासच येतो. पहिली पेंढी हाती आली म्हणजे सारे पीक निघाले असे नव्हे, मात्र उरलेलेही त्याच पेरणीचे आहे, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.