गाडी उभी असताना

।। श्रीगुरुदेव दत्त ।।

गुरुवारच्या बैठकीतलं निरूपण. घरात सगळ्यांना वाचून दाखवावं.

मंडळी, एका गुरुबंधूंनी विचारलं, "महाराज, दिवसभर कामात असलो की मन जाग्यावर असतं. संध्याकाळी जपाला बसलो की धावायला लागतं. मग जप मला सोसत नाही का?" विचारणारे ट्रकवाले, बेळगावची भाजी चोर्ल्यातून गोव्याला नेणारे. म्हणून त्यांना गाडीतलंच उत्तर देतो. बाकीच्यांनी, विशेषतः निवृत्त मंडळींनी, हे आपलं नाही असं समजू नये.

नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आलाय, ते सोडा. जुन्या 1210 सारख्या गाडीला डिझेलचा पंप असतो आणि त्याच्या पाठीला गव्हर्नर. त्यात फिरणारी वजनं आणि त्यांना आवरणाऱ्या स्प्रिंगा. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात, डिझेल कमी होतं. मंद झालं की स्प्रिंग ओढून घेते, डिझेल वाढतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिन मिनिटाला साधारण 600 फेऱ्यांवर संथ चालत राहतं, ते याच्या जोरावर.

आता हीच गाडी उभी असताना घूंऽ-घूंऽ करायला लागते. रेस आपोआप चढते, उतरते, कधी बंद पडते. आणि माल भरून चढाला लागली की तेच इंजिन छान बोलतं! कारण चढावर डिझेल भरपूर जातं, त्यात दोन-चार हवेचे बुडबुडे गेले तरी कळत नाही. उभी असताना डिझेल थेंबभर लागतं, तिथं एक बुडबुडासुद्धा मोठा होतो. म्हणजे बिघाड उभं राहिल्यामुळे झाला नाही. तो चढावरही होता, आता ऐकू आला एवढंच.

जपाला बसल्यावर तुम्हाला जे ऐकू येतं ते हेच. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनासारखा योद्धा मन वाऱ्यासारखं आवरत नाही म्हणतो, तेही शांत बसायची गोष्ट निघाल्यावर. आपल्याकडे नोकरी संपते, सत्कार होतो, नारळ-शाल मिळते, आणि महिन्याभरात तोच शांत माणूस चहा उशिरा आला म्हणून सुनेवर ओरडतो. घरचे म्हणतात, रिटायर होऊन बिघडले. तसं नाही बाबांनो. चाळीस वर्षं लोड होता म्हणून आवाज आला नव्हता.

मग करायचं काय? बहुतेक ड्रायव्हर काय करतात ते सांगतो. आयडलिंगचा स्क्रू फिरवून रेस वाढवतात. गाडी बंद पडायची थांबते, दुखणं आत तसंच. मग घाटात उतरताना वळणावर क्लच दाबला, पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला, आणि नेमकं तिथं इंजिन गेलं तर? इंजिनचा रोध गेला, ब्रेकची हवा भरायची थांबली, मागे दहा टन माल. साधनेतसुद्धा लोक हाच स्क्रू फिरवतात. मन लागत नाही? माळा वाढवा! अकराच्या एकवीस करा! आकडा वाढतो, घरातला आरडाओरडा तेवढाच राहतो. मला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो.

स्क्रूला हात शेवटी लावायचा. आधी टाकीतला गाळ-पाणी बघा, फिल्टर बदला. मग टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन तपासा. इथं एक गंमत आहे. या भागात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे फट असली तरी थेंब बाहेर पडेलच असं नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. वरून सगळं कोरडं, स्वच्छ. तांब्याचे वॉशर बदलायचे, जोड आवळायचे, मग फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो. फेस संपून नुसती डिझेलची धार येईपर्यंत मारायचा, कंटाळून मध्येच सोडायचा नाही.

आपल्या घरातल्या अशा कोरड्या फटी कुठल्या, ते ज्याचं त्यानं बघावं. रात्री अंथरुणात तास-तासभर मोबाईल. भावाशी वाटणीवरून धरलेला अबोला, जो कुणाला दिसत नाही. जपात फेस यायला लागला तर घाबरू नका, तो बाहेर पडतोय.

दुसरी खोड म्हणजे पाय काढला तरी रेस न उतरणं. बहुतेक वेळा दोष पंपात नसतो. ॲक्सिलरेटरच्या दांड्या गंजलेल्या असतात, परतीची स्प्रिंग ताणून ढिली झालेली असते, नाहीतर पायाखालचं मॅटच अडकलेलं असतं. राग येणं हा ॲक्सिलरेटर आहे, तो लागतोच. मुलगा चुकला तर आवाज चढेल. पण मुलगा "चुकलं बाबा" म्हणाल्यावर तो किती वेळात उतरतो? रात्रीच्या जेवणापर्यंत उतरला तर स्प्रिंग शाबूत आहे. तीन दिवस तोंड फिरवून बसलात तर आधी तिथं तेल घाला, मग माळ हातात घ्या.

आणि पंपावर सील केलेला जास्तीत जास्त वेगाचा स्क्रू असतो, त्याला रस्त्यावर कुणी हात लावू नये. तो पंपाच्या टेस्ट बेंचवरच लावतात. फिटर कितीही ओळखीचा असला तरी नाही म्हणा.

ट्रकवाल्या मंडळींनी टाकी, फिल्टर आणि स्प्रिंगचं काम पावसाआधी उरकून घ्यावं. चोर्ल्यात धुकं उतरल्यावर रस्त्याकडेला हातपंप मारत बसायची पाळी नको.

।। श्रीगुरुदेव दत्त ।।