न मिळालेला आदेश

नामपूरच्या बाजार समितीत कांद्याच्या पिकअप रांगेत उभ्या असतात, त्यांत एक माझ्या चुलत भावाची, दादाची. मागच्या वर्षी गाडी चालवताना फोनवर बोलल्याबद्दल त्याचं चलान झालं. त्याने ते भरलं आणि विसरला. काही महिन्यांनी एका नाकाबंदीत पोलिसाने लायसन्स तपासलं. "हे तर सस्पेंड आहे."

आदेश गेला होता जुन्या घराच्या पत्त्यावर, मेसेज गेला होता बंद झालेल्या सिमवर. कोर्टात कुणीतरी सल्ला दिला, "कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." दादाने कबूल केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ खाली याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याचं दंडावर निभावलं. पण कबुली दिली की अपील फक्त शिक्षेपुरतं करता येतं, दोषी ठरवलं त्याविरुद्ध नाही. उरतो तो वरच्या कोर्टात रिव्हिजन अर्ज.

"पैसे भरून झालेत, आता कशाला?" मी विचारलं.

"फोनवर बोललो, ते खरंय. पण बंदी मोडली असं लिहिलंय. आदेश हातातच आला नाही, तर मोडला कसा?"

कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे आपण ऐकलेलं असतं. याबद्दल वाचताना मला मुंबईतला मेयर हान्स जॉर्जचा खटला सापडला. नोव्हेंबर १९६२ मध्ये हा जर्मन माणूस झुरिकहून मनिलाला निघाला होता. विमान सांताक्रूझला थांबलं तेव्हा त्याच्या जाकिटात ३४ किलो सोनं सापडलं. त्याबाबतची रिझर्व्ह बँकेची अधिसूचना चारच दिवस आधी, २४ नोव्हेंबरला, राजपत्रात छापून आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी पुन्हा दोषी ठरवलं. वेगळं मत न्या. सुब्बा राव यांचं होतं.

बहुमताचा निकाल कठोर आहे, पण मला तो समजतो. कायदा सगळ्यांसाठी असतो, प्रत्येकाच्या दारात जाऊन तो वाचून दाखवता येत नाही. दादाच्या लायसन्सचा आदेश मात्र सगळ्यांसाठी नव्हता, एकाच माणसासाठी होता. त्या एकालाच तो मिळाला नसेल तर तो कुणाला दिला म्हणायचा? कलम १९ सुद्धा सांगतं की आधी माणसाचं म्हणणं ऐका, आणि अपिलाचे ३० दिवस मोजायचे ते आदेश मिळाल्यापासून. पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे, हे व्हॉट्सअॅपच्या एका टिकवरून आपल्याला रोज कळतं. मी स्वतः मेसेज पाठवणाऱ्या सिस्टिमवर काम करतो, तिथे ही चूक म्हणजे सरळ बग.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. मग अर्जाचा मसुदा दादाला वाचून दाखवला. "अर्जदारास कारवाईची कोणतीही कल्पना नव्हती."

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "थोडी होती रे. चलान भरलं तेव्हा एक जण बोलला होता, लायसन्सवर पण काहीतरी येईल. मी विचारायलाच गेलो नाही."

म्हणजे टिक एकच राहिली, पण फोन अर्धा आपणच बंद ठेवला होता. न कळणं वेगळं आणि कळून घ्यायचं टाळणं वेगळं. दुसरं निर्दोष नाही. आपल्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणाऱ्याला या फरकाशी काही देणंघेणंही नसतं.

तरी मला वाटतं, रिव्हिजन करायलाच हवी. दादाने टाळाटाळ केली, त्याचा दोष त्याच्या माथी मारा. पण टाळाटाळ म्हणजे आदेश धुडकावणं नव्हे. माणसाला शिक्षा व्हावी ती त्याने केलेल्या चुकीची, तिच्या शेजारच्या चुकीची नव्हे. मात्र हे कोर्टाकडे मागायचं तर आपणही आपली चूक नेमकीच सांगायला हवी.

आम्ही ते वाक्य बदललं. "आदेश मिळाला नाही. कारवाई होऊ शकते असं ऐकलं होतं, पण चौकशी केली नाही."

वकील म्हणाले, यामुळे बाजू कमजोर होईल. दादा म्हणाला, "होऊ द्या."

तारीख पुढच्या महिन्यात आहे. लायसन्सवरचा पत्ता आणि नंबर त्याने बदलून घेतलाय.