उरलेल्या हंगामांची किंमत



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मला भेटायला आले. त्यांच्या परवानगीनेच मी हे लिहीत आहे. त्यांच्याकडे फायबरची एक छोटी होडी आहे. मासेमारीची नव्हे, हौसेची. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन खाडीत फेरी मारावी, गळ टाकून बसावे, यासाठी त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. आता वडील देवाघरी गेले, मुले नोकरीनिमित्त दूर गेली आणि होडी वर्षातले अकरा महिने ताडपत्रीखाली पडून असते. म्हणून ती विकायची ठरली. गिऱ्हाईकही मिळाले. शेजारच्या गावातला एक तरुण. त्याला नाताळच्या सुट्टीआधी होडी हवी आहे. पर्यटकांना खाडीत फिरवून चार पैसे मिळवावेत असा त्याचा विचार आहे आणि त्यासाठी तो कर्ज काढणार आहे.

ते गृहस्थ म्हणाले, “फादर, तो साडेतीन लाख द्यायला तयार आहे. होडीची तेवढी लायकी नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी काही त्याच्यावर जबरदस्ती करत नाही. मग यात पाप आहे का?”

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण प्रश्न साधा नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांकडे होडी नाही, पण जुनी स्कूटर, फ्रिज, जमिनीचा तुकडा किंवा राहते घर आयुष्यात कधी ना कधी आपण विकतोच. नव्या वस्तूवर किंमत छापलेली असते. जुन्या वस्तूची किंमत मात्र आपल्यालाच सांगावी लागते आणि ती सांगताना आपण कोण आहोत हेही आपण सांगून टाकतो.

‘दोघे राजी तर तिसऱ्याचे काय गेले?’ हा युक्तिवाद फार जुना आहे. ख्रिस्तजन्मापूर्वी रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यावरील आपल्या ग्रंथात तो मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते लोकांना सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, खोटे बोलू नका म्हणजे झाले, सगळेच सांगायला तुम्ही बांधलेले नाही. अँटिपेटर म्हणतो, ज्याच्याशी व्यवहार करता तो तुमचाच बांधव आहे, त्याच्यापासून लपवायचे कशाला? सिसेरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. त्याच ग्रंथात होड्यांचीही एक गोष्ट आहे. सिराक्यूज येथील पिथियस नावाच्या माणसाला आपली बाग विकायची होती. गिऱ्हाईक जेवायला आले त्या दिवशी त्याने कोळ्यांना सांगून बागेसमोर होड्यांची गर्दी केली आणि मासळीचा ढीग पायाशी ओतायला लावला. या पाण्यात इतके मासे! गिऱ्हाईक भुलले आणि मागितलेली किंमत मोजून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर एकही होडी नाही! पिथियसने कोणावर जबरदस्ती केली होती का? नाही. गिऱ्हाईक राजीच होते.

म्हणजे राजी असणे पुरेसे नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात मजुरीच्या संदर्भात हेच सांगितले. मालक आणि मजूर यांच्यात करार झाला तरी नैसर्गिक न्याय त्या कराराहून जुना आणि मोठा आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये तोच नियम राष्ट्राराष्ट्रांतील व्यापारालाही लावला. जो नियम राष्ट्रांना लागू तो खाडीकाठच्या होडीला का लागू नसावा?

मग योग्य किंमत कशी ठरवायची? यासाठी पवित्र बायबलमध्ये एक उतारा आहे, ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात (ओवी १४ ते १६) जमिनीच्या व्यवहाराचा नियम दिला आहे. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, जमीन मूळ मालकाकडे परत जाई. म्हणून परमेश्वराने सांगितले की योबेलला किती वर्षे उरली आहेत ते मोजा. वर्षे जास्त असतील तर किंमत जास्त, कमी असतील तर कमी. कारण विकणारा जमीन विकत नाही, तो उरलेली पिके विकतो. आणि हे सांगताना परमेश्वराची ताकीद आहे की एकमेकांना लुबाडू नका.

बंधू-भगिनींनो, जुन्या वस्तूच्या किमतीचे सारे गणित या नियमात आले आहे. होडी विकणारा होडी विकत नाही, तिच्यात उरलेले हंगाम विकतो. आपण भोगलेले हंगाम आपण वापरून टाकले. ते दुसऱ्यांदा विकता येत नाहीत.

मी त्या गृहस्थांना कागद-पेन दिले. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले. समजा तशी नवी होडी चार लाखांना मिळते आणि नीट राखली तर सोळा हंगाम चालते. आठ झाले, आठ उरले. म्हणजे दोन लाख. इंजिन होडीपेक्षा लवकर झिजते, खारे पाणी त्याला खाते. नवे इंजिन दोन लाखांचे, दहा हंगामांचे. आठ झाले, दोन उरले. म्हणजे चाळीस हजार. एकूण दोन लाख चाळीस हजार. यात दहावीस हजार इकडे-तिकडे झाले तरी बिघडत नाही. संत थॉमस अक्वायनस हे तेराव्या शतकात स्पष्ट सांगून गेले आहेत की योग्य किंमत काटेकोर मोजता येत नाही, ती अंदाजानेच ठरते आणि थोड्या फरकाने न्याय मोडत नाही. आपल्या अंदाजावर भरवसा नसेल तर किनाऱ्यावर गेल्या वर्षभरात अशा होड्या कितीला गेल्या हे दोन-तीन जाणत्या माणसांना विचारावे. मात्र लाखभर रुपयांचा फरक हा काही अंदाजातला फरक नव्हे.

“पण फादर,” ते म्हणाले, “ती बाबांची होडी आहे. त्याची काहीच किंमत नाही?”

या प्रश्नाने मला थोडा वेळ गप्प केले. वस्तू सोडताना विकणाऱ्याचे खरोखर नुकसान होत असेल तर तो ते किमतीत धरू शकतो, असे संत थॉमस म्हणतात. ती होडी त्यांच्या पोटापाण्याची असती तर गोष्ट वेगळी होती. पण बाबांच्या आठवणी त्या तरुणाला मिळणार नाहीत. त्या यांच्याकडेच राहणार आहेत. जे आपण देतच नाही, त्याचे पैसे कसे घ्यायचे? आठवण इतकी मोलाची वाटत असेल तर होडी ठेवून द्यावी, त्यात काही गैर नाही.

आणि त्या तरुणाची निकड? नाताळच्या आत होडी हवी म्हणून तो जादा पैसे द्यायला तयार आहे. संत थॉमस यांचे उत्तर येथे फार मार्मिक आहे. घेणाऱ्याला वस्तूची फार गरज आहे, पण देणाऱ्याचे त्यात विशेष नुकसान नाही, अशा वेळी किंमत वाढवू नये. कारण ती जादा किंमत वस्तूतून आलेली नाही, घेणाऱ्याच्या अडचणीतून आली आहे. त्याची अडचण त्याची आहे. जी वस्तू आपली नाही ती आपण विकू शकत नाही. १९९२ च्या ‘कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणा’तही (क्र. २४०९) दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे हे ‘चोरी करू नको’ या आज्ञेचे उल्लंघन म्हणून सांगितले आहे. अज्ञान आणि अडचण, हे दोन शब्द लक्षात ठेवावेत.

अडचणीबद्दल बोललो, आता अज्ञानाबद्दल. निघता निघता ते गृहस्थ हळूच म्हणाले, “एक गोष्ट राहिली. मागची फळी जरा हलते.”

ज्यांना होड्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अशा होडीच्या मागच्या बाजूला जिथे इंजिन टांगलेले असते, तिथे वरून फायबर दिसते, पण अनेक होड्यांत आत लाकडी प्लाय असते. बोल्टच्या भोकांतून पाणी आत झिरपते आणि प्लाय आतल्या आत कुजते. बाहेरून रंगाचा हात दिला की होडी नवीन दिसते. बोटाने ठोकून पाहणाऱ्यालाच तिथला बद्द आवाज कळतो. आणि भर खाडीत, माणसे भरलेली असताना ती फळी तुटली तर काय होईल, हे मी सांगायला नको.

संत थॉमस यांनी उघड दोष आणि लपलेला दोष यांत फरक केला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो घेणाऱ्याला दिसतोच. त्यानुसार किंमत कमी केली म्हणजे पुरे. पण जो दोष दिसत नाही आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा जिवाला धोका होईल, तो सांगितलाच पाहिजे. न सांगता विकले तर व्यवहार अन्यायाचा होतो आणि भरपाई करावी लागते. इतकेच नव्हे, तर विकताना आपल्यालाही दोष माहीत नव्हता आणि नंतर कळला, तरी पाप नसले तरी भरपाई देणे लागते. होडीचा रंग खरवडला तर आत काय आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही. साऱ्या व्यवहाराची नैतिकता त्या एका बोटभर जाडीत आहे.

हे सगळे मी मोठ्या तोऱ्यात सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी माझी जुनी मोटारसायकल विकली. इंजिन तापले की ती बंद पडत असे. गिऱ्हाईक आले तेव्हा मी ती सकाळच्या गारव्यात चालवून दाखवली. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. पुढे एका सणाच्या दिवशी तो भेटला. हसून म्हणाला, “फादर, गाडी छान आहे, फक्त उन्हात जरा थांबते.” मी म्हणालो, “हो का?” मी खोटे बोललो नव्हतो. पण त्या दोन शब्दांनी मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. मी प्रायश्चित्त संस्कार घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात दुरुस्तीचे पैसे त्याच्या घरी नेऊन दिले. त्याने ते घेतले, चहा दिला आणि आम्ही अजून मित्र आहोत.

घेणाऱ्यालाही हाच न्याय लागू आहे. माल वाईट आहे, वाईट आहे असे म्हणत भाव पाडायचा आणि घरी जाऊन फुशारकी मारायची, या स्वभावाचे चित्र नीतिसूत्रांच्या पुस्तकात (२०:१४) आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘त्रैक्य’ या ग्रंथात एका माणसाची आठवण सांगितली आहे. त्याच्याकडे एक पुस्तक विकायला आले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते म्हणून त्याने फारच थोडी किंमत मागितली. घेणाऱ्याने न सांगता योग्य ती, पुष्कळ जास्त किंमत दिली. आपल्या किनाऱ्यावर एखादी विधवा नवऱ्याची होडी विकायला काढते, तेव्हा तिला भाव ठाऊक नसतो. त्या वेळी स्वस्तात माल मिळाला म्हणून देवाचे आभार मानणारा ख्रिस्ती माणूस नक्की कोणाचे आभार मानत असतो?

त्या गृहस्थांनी पुढे काय केले ते सांगून थांबतो. त्यांनी त्या तरुणाला बोलावले, ताडपत्री काढली आणि त्याच्या हाताने मागची फळी ठोकून दाखवली. दुरुस्तीला तीस हजार लागतील असे कारागिराने सांगितले. ते वजा करून दोन लाख दहा हजारांना व्यवहार झाला. साडेतीन लाख मिळाले असते, एक लाख चाळीस हजार कमी मिळाले. ही काही लहान रक्कम नाही. त्यांच्या घरीही त्यावरून बोलणे झाले, हे मला ठाऊक आहे. पण ते मला म्हणाले, “फादर, आता ती होडी पर्यटक भरून खाडीतून जाताना दिसली की मी तोंड फिरवणार नाही.”

जक्कयने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले, तेव्हा प्रभू येशू त्याच्या घरी उतरला होता. घरात प्रभू आला की पैशाच्या पेटीचा हिशेब आपोआप निघतो. या आठवड्यात तुमच्यापैकी कोणी काही विकणार असाल किंवा घेणार असाल, तर किंमत बोलण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा. यात किती हंगाम उरले आहेत? मला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक आहे का? आणि उद्या तो मला मिस्सेला शेजारच्या बाकावर भेटला, तर शांतीचे अभिवादन करताना माझा हात थरथरेल का?

प्रभू आपणा सर्वांना सरळ मन आणि स्वच्छ हात देवो.

आपला,
धर्मगुरू