पहिला फोन घरी

दारू पिऊन गाडी चालवताना हैदराबादेत पकडल्या गेलेल्या माणसाला कोर्टापुढे उभे राहण्याआधी आणखी एका ठिकाणी हजेरी लावावी लागते, आणि तिथे एकट्याने जाऊन भागत नाही. गोशामहल किंवा बेगमपेटच्या वाहतूक प्रशिक्षण केंद्रात समुपदेशनाला येताना घरचे माणूस बरोबर हवे, असा पोलिसांचा दंडक आहे. लग्न झालेले असेल तर बायको, नसेल तर आई किंवा वडील. अपघातांच्या चित्रफिती दाखवतात, अधिकारी चार शब्द सुनावतात. दंड की कोठडी हे पुढे न्यायालय ठरवते. विशी-बाविशीतला मुलगा मान खाली घालून बसलेला, शेजारच्या खुर्चीत त्याचे वडील. कित्येकदा आपला मुलगा पितो हे वडिलांना पोलिसांकडूनच कळलेले असते. दारू या विषयावर दोघांनी एकत्र बसून ऐकलेले ते आयुष्यातले पहिले बोलणे असते, तेही तिऱ्हाइताच्या तोंडून.

पोलिसांचा अंदाज चुकीचा नाही. माणूस कायद्यापुढे ओशाळत नाही इतका घरच्यांपुढे ओशाळतो. पण हेच दुसऱ्या बाजूने जिवावर बेतते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर पहिल्यांदा पितो. दीड-दोन तासांत पाय लटपटू लागतात, भिंत फिरायला लागते. त्या वेळी त्याला दारूची भीती वाटत नाही, रस्त्याची वाटत नाही, घराची वाटते. मग तो घरी फोन करत नाही. ‘अभ्यासाला इथेच थांबतोय’ असा मेसेज टाकून गच्चीवर जाऊन पडतो, किंवा आपल्याइतक्याच प्यायलेल्या मित्राच्या गाडीवर मागे बसतो. पहिल्यांदा चढलेल्या दारूचा शेवट कसा व्हायचा, हे बरेचसे या फोनवर ठरते. आणि तो फोन यावा की येऊ नये, हे घराने त्याच्या कितीतरी आधी ठरवून टाकलेले असते.

हैदराबादेत असा मुलगा विरळा मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) पंधरा वर्षांवरील पुरुषांमध्ये दारू पिणारे देशात 19 टक्के, महाराष्ट्रात 14 टक्क्यांच्या आसपास, तर तेलंगणात 43 टक्के निघाले. तेलंगणाच्या पुढे एकटे अरुणाचल प्रदेश. निजामाच्या राज्यात अबकारी हा खजिन्याचा मोठा आधार होता, सेंधी-ताडी हे कष्टकऱ्यांचे रोजचे पेय होते. आजही बोनालूच्या सणात देवीपुढे ताडीची धार धरतात; दसऱ्याच्या आणि लग्नकार्याच्या दावतीत ‘चुक्का-मुक्का’, म्हणजे दारूचा घोट आणि मटणाचा तुकडा, धरूनच चालतात. एखादा काका हसत हसत पोराच्या हातात अर्धा पेला देतो तो अशाच दिवशी.

या प्रांताने दुसरे टोकही पाहिले आहे. 1992 मध्ये नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायका दारूविरुद्ध उठल्या. ते लोण संयुक्त आंध्रभर पसरले आणि 1995 मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने संपूर्ण दारूबंदी लागू केली. 1997 मध्ये चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने ती उठवली. आता तेलंगणात 2,620 किरकोळ दुकाने आहेत. 2023 साली त्यांची सोडत निघाली तेव्हा अर्जाचे शुल्क दोन लाख रुपये होते, दुकान लागो न लागो, परत न मिळणारे. नुसत्या अर्जांतून सरकारला 2,600 कोटींहून जास्त रुपये मिळाले. एकवीस वर्षांखालच्या कोणालाही दारू विकायची नाही असा कायदा आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारे अबकारी खातेच महसूलही गोळा करते. अशा व्यवस्थेत दुकानदार वयाचा दाखला मागेल या भरवशावर कोणत्या आईबापाने निवांत झोपावे?

1 जुलै 2016 रोजी बंजारा हिल्स भागात प्यायलेल्या कॉलेजकुमारांची गाडी दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या एका कुटुंबाच्या गाडीवर जाऊन आदळली. तरुण काका जागीच गेला. दहा वर्षांची मुलगी आठवडाभर मृत्यूशी झुंजून गेली, मागोमाग तिचे आजोबाही गेले. मुले एकविशीच्या आतली होती आणि बारमध्ये बसून पिऊन आली होती. शहर हादरले, बारमध्ये वय तपासण्याची मोहीम निघाली. चर्चा झाली ती बारची आणि वेगाची. टोळक्यातल्या एकालाही गाडीची किल्ली फिरवण्याआधी घरी फोन का करावासा वाटला नाही, हे फारसे कोणी विचारले नाही.

काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडीतली जुनी मराठी घरे काय किंवा नोकरीपायी कुकटपल्ली-गच्चीबावलीत आलेली नवी काय, सगळी याच हवेत श्वास घेतात. दारूविषयी बोलायची रीत मात्र त्या घरांत नाही. मराठी मनाला दारूकडे बघायची रीत एका नाटकाने घालून दिली. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 मध्ये रंगभूमीवर आले आणि पहिला पेला म्हणजे सर्वनाशाचा आरंभ हे समीकरण घराघरांत रुजले. दारू पिणाऱ्याच्या बायकोचे काय होते, हे त्या नाटकाने दाखवले ते अस्सल आहे. पण त्याचा नायक सुधाकर हा सनदेवर गदा आलेला, अपमानाने पोळलेला प्रौढ वकील आहे. कुतूहलापोटी किंवा मित्रांत मागे पडू नये म्हणून प्यायलेल्या अकरावीतल्या मुलावर त्याची सावली पाडली की घराला दोनच गोष्टी सुचतात. एक तर ‘पोरगा गेला हातातून’ म्हणून आकांत, पट्टा, मोबाइल जप्त, आठवडाभर अबोला. नाही तर ‘आमचा तसा नाहीच, कोणीतरी पाजली असणार’ म्हणून डोळेझाक. दोन्हींत जपली जाते ती घराची अब्रू. मुलाच्या हाती यातून एकच शिकवण लागते, ती म्हणजे पुढच्या वेळी पत्ता लागू द्यायचा नाही.

डोळेझाक कुठवर जाते ते पुण्याने पाहिले. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी तो मित्रांसह पबमध्ये बसून प्यायला होता, असे तपासात पुढे आले. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन देशभर गाजला. त्याहून हादरवणारे पुढेच होते. घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणला, ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून त्या जागी आईचे रक्त ठेवले, असे आरोप पोलिसांनी ठेवले. आई, वडील, आजोबा आणि डॉक्टर अटकेत गेले. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण यातला विचार कोणत्याही सोसायटीत ओळखीचा आहे. मुलाने काही केले की ते आधी नाहीसे करायचे, मग त्याच्याकडे बघायचे.

मुलाला धोक्यातून बाहेर काढणे हे आईबापांचे काम आहे. परिणामांतून बाहेर काढणे हे नव्हे. पट्टा काढणारे घर पहिले काम करत नाही, पैसे चारणारे घर पहिल्याच्या नावाखाली दुसरे करते. कायद्याने ही रेघ आता स्पष्ट ओढली आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातल्या कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तो हसरा काका हे वाचून दचकेल.

मुलगा घरी आला, दारात कोसळला, तर त्या रात्री काय करायचे? आधी ओरडणे थांबवायचे. त्याला उताणे झोपू द्यायचे नाही. कुशीवर वळवायचे, वरचा गुडघा दुमडून पुढे घ्यायचा, तोंड किंचित खाली कलते ठेवायचे. उताण्या अवस्थेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते, आणि दारूने मेंदू गुंगलेल्याला खोकून ती बाहेर टाकता येत नाही. प्यायलेल्यांचे घरात झोपेत मृत्यू होतात त्यांतले कित्येक असेच. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू उतरत नाही. यकृत आपल्या गतीने, ढोबळमानाने तासाला एका पेगाच्या हिशेबाने, तिचा निचरा करते. त्याला घाई करता येत नाही. उलट शेवटचे दोन पेग पोटात असतात ते रक्तात उतरायचे बाकी असतात, म्हणून ‘झोपला, आता बरा आहे’ हे म्हणणे धोक्याचे. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, अंग गार लागत असेल, तर 108. ही रुग्णवाहिका सेवा 2005 मध्ये याच हैदराबादेत सुरू झाली. शेजारी काय म्हणतील म्हणून ती गाडी दारात बोलावायला कचरणारी घरे मात्र अजून आहेत.

फोन यायचा तर त्याची तजवीज आधी हवी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेलंड गावच्या शाळेत अपघातांत विद्यार्थी दगावल्यावर 1981 मध्ये रॉबर्ट अनास्तास या शिक्षकाने मुलांची एक संघटना उभी केली आणि पालक-मुलांमध्ये एक लेखी करार सुरू केला. मी प्यायलो असेन किंवा गाडी चालवणारा प्यायला असेल तर कोणत्याही वेळी घरी फोन करीन, असे मुलाने लिहून द्यायचे. मी येईन, त्या वेळी जाब विचारणार नाही, नंतर बोलू, असे पालकाने. यामुळे पिण्याला परवानगीच मिळते, असा आक्षेप तेव्हा आला आणि तो वाऱ्यावर सोडण्याजोगा नाही. म्हणूनच करारातला ‘नंतर बोलू’ हा भाग गाळून चालत नाही. येणे बिनशर्त असते. बोलणे टळत नसते.

‘बाहेर पिण्यापेक्षा घरात आमच्यासमोर घे’ हे मात्र फसवे औदार्य आहे. ऑस्ट्रेलियात 1,927 मुलांचा सहा वर्षे मागोवा घेऊन 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आईबापांनी दारू देण्याचा मुलांना कोणताही फायदा आढळला नाही. उलट त्या मुलांनी बाहेरूनही दारू मिळवण्याचा संभव वाढला. आइसलँडने वेगळे केले. 1998 मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली असत. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. रात्री मुलांनी बाहेर राहायच्या वेळेवर मर्यादा, वस्तीतल्या पालकांचे आपसांतले करार, खेळांना आणि संगीताला सरकारी पैसा, आणि पालकांनी मुलांबरोबर घालवलेला जास्त वेळ, हे त्यामागे होते. हैदराबादेतल्या दोन्ही पालक नोकरीवर, मुलगा दिवसभर कोचिंगमध्ये अशा घरांना यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड जाईल.

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी मात्र बोलणे व्हायलाच हवे. डोके ठणकत असताना नको. दुपारी, जेवण झाल्यावर. कुठे, कोणाबरोबर, किती, आणि घरी कसा आलास, एवढे सरळ विचारावे. खराब झालेली चादर त्याने धुवावी. मित्राच्या घरच्यांना त्याने स्वतः फोन करावा. गाडीची किल्ली काही दिवस मिळणार नाही, हे शिक्षा म्हणून न सांगता कारण देऊन सांगावे. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंधरा वर्षांच्या आत प्यायला लागलेल्यांमध्ये दारूच्या आहारी जाण्याचे प्रमाण एकविशीत सुरुवात करणाऱ्यांच्या चौपट आढळले होते, हेही त्याच्यापुढे ठेवावे. पुन्हा तसेच झाले, एकटा प्यायला लागला, तर 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोलायला लाजू नये.

या बोलण्यात एक प्रश्न उलटून येणार. ‘बाबा, तुम्ही?’ त्या वेळी ‘मोठ्यांचे वेगळे असते’ म्हणून सुटता येणार नाही. दर शनिवारी फ्लॅटच्या बाल्कनीत किती पेले होतात, ताण आला की ते वाढतात का, आणि गेल्या दसऱ्याला भावाकडून दावत आटोपून सगळे निघाले तेव्हा मागच्या सीटवर मुले बसलेली असताना स्टिअरिंगवर कोण होते, हे वडिलांनाही सांगावे लागेल.